खंडणी

‘खंडणी’ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? फोनवरचा दबका आवाज, घाबरलेला व्यापारी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन पोलिसांच्या मध्ये तोंडावर काळा कपडा घेतलेला आरोपी. आमच्या ठाणे पोलिसांकडे ‘खंडणीविरोधी पथक’ आहे, मुंबईतही आहे. ‘खंडणीखोर’ ही तर आता शिवीच झाली आहे. शब्द इतका काळा पडलाय की तो कधीकाळी दरबारातला होता, कागदावर शिक्क्यानिशी उमटत होता, आणि तो उच्चारताना कुणाची मान खाली जात नव्हती, हे सांगितलं तर तरुण मंडळींना खरं वाटत नाही.

मराठी शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे शब्द दिसला की त्याचं मूळ उकरून बघायची खोड लागली आहे. निवृत्तीनंतर ती वाढलीच आहे. तर आज या खंडणीच्या मुळाशी जाऊन बघू.

खंडणी आली ‘खंडणे’ या क्रियापदावरून. खंडणे म्हणजे तोडणे, हा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पाऊस खंडला, परंपरा खंडित झाली, कामात खंड पडला, वगैरे. पण खंडणे याचा दुसराही एक अर्थ जुन्या मराठीत आहे. तो म्हणजे ठरवणे, पक्के करणे, एकदाची किंमत कायम करणे. ‘भाव खंडला’ म्हणजे भाव मोडला असं नव्हे, भाव ठरला. ‘खंडून घेतलं’ म्हणजे नगाप्रमाणे मोजत न बसता सगळ्याची मिळून एक रक्कम ठरवून घेतलं. खेड्यात अजून जमीन ‘खंडाने’ देतात. पीक येवो न येवो, कमी येवो जास्त येवो, वर्षाचे इतके रुपये किंवा इतकी पोती द्यायची, हे आधीच ठरलेलं. तो खंड. बटाई किंवा अर्धेलीत पिकाचा वाटा असतो, खंडात ठरीव रक्कम असते, एवढाच फरक.

नगर, नाशिक, पुणे, सोलापूर या बाजूच्या वाचकांना ‘खंडकरी शेतकरी’ हा शब्द नवा नाही. या लोकांच्या वाडवडिलांनी आपल्या जमिनी खासगी साखर कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या. १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला, कारखान्यांकडच्या त्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक मात्र बाहेर राहिले. आपल्याच जमिनी परत मिळाव्यात म्हणून त्यांच्या दोन पिढ्यांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि अनेक दशकांनी त्या जमिनी परत मिळू लागल्या. बघा गंमत, खंडकरी आणि खंडणीखोर हे दोन शब्द एकाच मुळातून फुटलेले, पण एक अन्याय सोसणारा आणि दुसरा अन्याय करणारा!

आता तोडणे आणि ठरवणे यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. मराठीत तो फार जवळचा आहे. भांडण मिटवायचं असलं की आपण ‘तोड काढतो’. अडचणीवर ‘तोडगा’ काढतो. फार दिवस घोळ चालला की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “एकदाचा काय तो तुकडा पाडा.” म्हणजे काय तर निर्णय करा. लोंबकळत असलेली गोष्ट तोडली की ती संपते, आणि संपली म्हणजेच ठरली. हल्लीच्या बोलीत ‘तोडपाणी’ म्हणतात, त्यातही हेच आहे. फक्त पाणी जरा गढूळ आहे.

तेव्हा खंडणी म्हणजे मुळात ‘ठरवून घेतलेली रक्कम’. घेणारा एक, देणारा एक, आणि दोघांच्या बोलण्यातून कायम झालेला आकडा. हे बोलणं बरोबरीच्या नात्याचं नसे, हे उघडच आहे. एकाच्या मागे घोडदळ उभं असे आणि दुसऱ्याच्या मागे भरलेलं शहर. तरी पण आकडा ठरण्याला महत्त्व होतं. तो ठरला की पैसे फिटेपर्यंत दोन-चार प्रतिष्ठित माणसं ओलीस ठेवायची, आणि देणाऱ्याला ‘कौल’ द्यायचा, अशी ती पद्धत. कौल म्हणजे लेखी अभयवचन. आता तुमच्या गावाला आमच्या फौजेचा उपद्रव होणार नाही, उभी पिकं तुडवली जाणार नाहीत, निर्धास्त राहा. आपण आज देवाला कौल लावतो किंवा निवडणुकीत जनतेचा कौल म्हणतो, तो शब्द हाच.

सुरतेची गोष्ट आपण शाळेत लूट म्हणून शिकलो. पण त्या लुटीच्या आधी निरोप गेला होता. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेबाहेर येऊन थांबले, तेव्हा त्यांनी सुभेदार इनायतखानाला आणि हाजी सय्यद बेग, बहरजी बोहरा, हाजी कासिम या तीन बड्या व्यापाऱ्यांना कळवलं की समक्ष येऊन रक्कम ठरवा. कुणी आलं नाही. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. मग जे व्हायचं ते झालं. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच घडलं. आणि १६७२ साली सुरतेकडे चौथाईची मागणी करणारी पत्रं गेली. त्यातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. तुमच्या बादशहामुळे मला माझ्या मुलखाच्या रक्षणासाठी सैन्य बाळगावं लागतं, तेव्हा त्या सैन्याचा खर्च त्याच्या प्रजेने सोसावा, अशा आशयाचा तो मजकूर आहे. पटो न पटो, पण ही धमकी मारणाऱ्या दरोडेखोराची भाषा नव्हे. मागणीला कारण द्यावं लागतं असं मानणाऱ्याची ती भाषा आहे.

ही चौथाई तर आमच्या शेजारची. दमणच्या भागातले पोर्तुगीज आपल्या गावांना उपद्रव होऊ नये म्हणून रामनगरच्या राजाला उत्पन्नाचा चौथा हिस्सा देत आले होते. रामनगर म्हणजे आजच्या गुजरातेतल्या धरमपूरचा परिसर. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर ही दोन्ही संस्थानं घेतली. जव्हार २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये गेलं. रामनगर घेतलं म्हणजे रामनगरचा चौथाईचा हक्कही आमच्याकडे आला, अशी महाराजांची भूमिका होती. पुढे या चौथाईने अर्धा हिंदुस्थान हिंडून घेतला, पण तिचं पाळणाघर हे असं आमच्या उत्तर कोकणच्या जंगलपट्टीत आहे.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई म्हणजे शेकडा २५ आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा १०. शाळेत आपण हे आकडे पाठ करून मोकळे झालो. पण त्याची दुसरी बाजू फार कमी जण लक्षात ठेवतात. त्या कराराप्रमाणे चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी बादशहाच्या चाकरीसाठी १५,००० फौज ठेवायची होती, आणि सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखात बंदोबस्त राखायचा होता. चोरी झाली तर चोर शोधायचा आणि माल परत मिळवून द्यायचा. म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यातही दोरी होती. ती किती घट्ट बसली हा वेगळा प्रश्न, पण कागदावर तरी होती.

हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. १९९७-९८ च्या सुमाराची गोष्ट. त्या काळात रोज सकाळी पेपर उघडला की खंडणीची एक तरी बातमी असायची. बिल्डर, सिनेमावाले, हॉटेलवाले. कॅसेट कंपनीच्या मालकाचा, गुलशनकुमारांचा, भर दिवसा खून झाला तो १९९७ च्या ऑगस्टमधला. पुढे १९९९ साली राज्याने संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा केला. अशा दिवसांत सातवीच्या वर्गात मी मराठ्यांच्या खंडणीविषयी बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अभ्यासात बेताचा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, “सर, खंडणी घेतली म्हणून काल एकाला पकडलं असं पेपरात आहे. मग महाराजांनी घेतली ती वेगळी कशी?”

वर्गात एकदम शांतता पसरली. महाराजांविषयी असं काही विचारायचं असतं का, अशा नजरेने पोरं त्याच्याकडे बघायला लागली. पण त्याच्या चेहऱ्यावर वात्रटपणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. पहिला, मागणारा कोण आहे, आणि तो उघडपणे आपलं नाव सांगतो का? दुसरा, किती मागायचं हे कशावरून ठरलं? तिसरा, पैसे घेतल्यावर घेणाऱ्यावर काही बंधन येतं का? मग पोरांनाच उत्तरं द्यायला लावली. राजा शिक्क्यानिशी मागतो, गुंड नाव लपवतो. चौथाई म्हणजे चौथाई, त्याचा हिशेब असतो, गुंडाचा आकडा समोरच्याच्या घाबरण्यावरून ठरतो. आणि राजाने कौल दिला की तो त्याला पाळावा लागतो, गुंड महिन्याभराने पुन्हा दारात. शिवाय मी त्यांना १६७६ सालच्या त्या पत्राबद्दल सांगितलं. महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालासुद्धा हात लावायचं मनात आणू नकोस, अशी त्यात ताकीद आहे. ज्याला आपल्याच अंमलदाराचा हात आवरता येतो, त्याच्याच मागणीला राज्याची मागणी म्हणायचं, असं मी म्हणालो. पोरं खूश झाली.

तो मुलगा मात्र बसला नव्हता. म्हणाला, “पण सर, ज्याच्याकडून घेतली त्याला काय वाटत असेल?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण त्याचंही उत्तर इतिहासात आहे आणि ते आपल्याला गोड लागणारं नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. शेवटी १७५१ साली अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्या पुस्तकात ही ओळ पराक्रमाच्या प्रकरणात येते. बंगाली घरांत मात्र तीच गोष्ट अंगाईत जाऊन बसली. आपल्याकडे बाळाला बागुलबुवाची भीती घालतात, तिथे ‘बोर्गी’ येतात. बोर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. त्या अंगाईत घोडेस्वारांच्या भीतीबरोबर सारा कुठून भरायचा ही चिंताही आहे. पावणेतीनशे वर्षं झाली, सनदा दप्तरखान्यात गेल्या, नबाब गेले, भोसल्यांचं राज्य गेलं, अंगाई उरली. शेकडा किती आणि करारात काय लिहिलं होतं, याची त्या आयांना काय माहिती? त्यांना फक्त टापांचा आवाज माहीत.

आणि घरच्या प्रजेचंही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त बोली बोलेल त्याला वसुलीचा अधिकार. मग त्याने तो पैसा रयतेकडून कसा काढायचा ते त्याचं त्याने बघावं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या इजाऱ्याचे दुष्परिणाम तपशीलाने आले आहेत. म्हणजे शिक्का राज्याचाच, वसुलीही अधिकृत, पण माझ्या फळ्यावरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. महसूल आणि खंडणी यांच्यातली भिंत अशी आतून पोखरली जाते. शब्द बदलायच्या आधी माणसं बदललेली असतात.

हे फक्त आपल्याच भाषेत घडलं असं नाही. इंग्रजीतला ‘ब्लॅकमेल’ घ्या. त्यातल्या मेलचा टपालाशी काही संबंध नाही. स्कॉटलंडच्या बोलीत मेल म्हणजे खंड, जमिनीचा ठरीव मोबदला. आणि त्याच्याही मागे गेलं तर उत्तरेकडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ बोलणं, करार असा होता. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचे शेतकरी आपली गुरं लुटली जाऊ नयेत म्हणून तिथल्या टोळीनायकांना जे देत ते ब्लॅकमेल. म्हणजे करार, मग खंड, मग धाकाने काढलेला पैसा. अगदी आपल्या खंडणीचीच पावलं! दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि शब्दाच्या घसरगुंडीच्या पायऱ्या मात्र त्याच. माणूस सगळीकडे सारखाच, दुसरं काय.

कायद्याने यावर आपला वेगळा शब्द काढून पाहिला. दंडविधानाच्या मराठी भाषांतरात कलम ३८३ खालच्या गुन्ह्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हटलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हा गुन्हा कलम ३०८ मध्ये आहे. व्याख्या सोपी आहे. एखाद्याला इजेची भीती घालून अप्रामाणिकपणे त्याच्याकडून पैसा किंवा मालमत्ता द्यायला लावणे. पण बलाद्ग्रहण म्हणणारा एक तरी हवालदार दाखवा! लोकांनी, पोलिसांनी, पेपरवाल्यांनी खंडणीच उचलली. कारण लोकांना शब्दकोश लागत नाही, त्यांच्या पाठीवरच्या वळांना शब्द आठवतो.

‘हप्ता’ची कथाही अशीच. फारसीत हफ्त म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा. आपल्याकडे तो कर्जफेडीचा तुकडा झाला, आणि मग हातगाडीवाल्यांकडून दर आठवड्याला गोळा होणारा पैसा झाला. आज मध्यमवर्गीय माणूस “घराचा हप्ता भरला” म्हणतो आणि फेरीवाला “हप्ता दिला” म्हणतो. शब्द तोच. ‘भरला’ आणि ‘दिला’ या दोन क्रियापदांत काय ते अंतर.

हे अंतर मला त्या मुलाच्या वडिलांनी समजावलं. त्या प्रश्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी ते पालकसभेला आले होते. स्टेशनबाहेर त्यांची फळांची हातगाडी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोराने प्रश्न इतिहासातला विचारलाच नव्हता. बापाच्या गल्ल्यातून दर आठवड्याला काय जातं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी त्यांना सहज विचारलं, की बाजारफीची पावती फाडणारा माणूसही येतो आणि हाही येतो, तुम्हाला दोघांत फरक वाटतो का? ते जरा विचार करून म्हणाले, “मास्तर, पावतीवाल्याचा राग येतो. दुसऱ्याची भीती वाटते. रागात झोप लागते.”

तीन प्रश्न लिहून मी फळा भरवला होता. या माणसाने तेच तीन वाक्यांत सांगितलं. नागरिकाला राज्याच्या मागणीचा राग यावा, यात गैर काही नाही. घरपट्टी वाढली की आम्ही टिटवाळेकरही चिडतो, कट्ट्यावर तावातावाने बोलतो, अर्ज लिहितो, हरकती नोंदवतो. चिडता येतं, कारण मागणाऱ्याचा पत्ता माहीत असतो. ज्या दिवशी चिडायचीही भीती वाटेल, त्या दिवशी ती मागणी खंडणी झाली असं समजावं, मग कागदावर तिचं नाव काहीही असो. कर, पट्टी, देणगी, सहकार्य, वर्गणी.

हो, वर्गणीसुद्धा. आमचं टिटवाळा म्हणजे गणपतीचं गाव. अंगारकीला कसारा लोकलमधून उतरणारी गर्दी पाहिली की वाटतं सारा ठाणे जिल्हा इथे लोटलाय. साहजिकच मंडळं पुष्कळ. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे बहुतेक मंडळांना माहीत असतं आणि बरीच मंडळं ते पाळतातही. गेल्या श्रावणात एका मंडळाची चार-पाच मुलं दारात आली. पावतीवर आकडा आधीच लिहिलेला, १,००१. नावापुढची जागा तेवढी रिकामी.

मी म्हटलं, “बाळांनो, ही वर्गणी नाही. वर्गणीत आकडा देणारा सांगतो. खंडणीतसुद्धा बोलून ठरवायची रीत होती. तुम्ही तर तेही ठेवलं नाहीत.” पोरं हसली. त्यांतला एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही सांगाल तेवढं.” मी २५१ सांगितले. त्याने पहिली पावती फाडून टाकली, नवी लिहिली, माझ्या पाया पडला, आणि सगळे हसत हसत पायऱ्या उतरले. बाप्पाचं काम आहे, मलाही बरं वाटलं.

खिडकीतून पाहिलं तर ती मुलं समोरच्या वडापावच्या गाडीपाशी थांबली होती. तिथे बोलणं काही झालं नाही. गाडीवाल्याने पावती हातात घेतली, वाचली, कढईखालचा गॅस बारीक केला आणि गल्ल्यातून १,००१ मोजून दिले.